उलट बोलणाऱ्या मुली

मध्यंतरी किशोरी गटाच्या कामासाठी एका खेड्यातल्या शाळेत गेले होते. सहावीच्या वर्गात गटकार्य चाललं होतं. विषय गावातल्या पाण्याचा: विहिरी किती, हातपंप किती, एका घराला दिवसाकाठी किती खेपा पडतात. मुलं गोल करून जमिनीवर बसलेली, कोणाच्या हातात छडी नाही. बरं वाटलं. मग लक्षात आलं, चारही गटांत समास आखून सुवाच्य अक्षरात तक्ता लिहिताहेत त्या मुली, आणि उभं राहून बोलताहेत ते मुलगे. एका तक्त्यावर खेपा लिहिल्या होत्या तीन. लिहिणारी मुलगी स्वतः रोज आठ खेपा घालत होती! तिने हात वर केला, म्हणाली, "सर, पाणी आम्ही भरतो, मग सांगायला हे का?" वर्ग हसला. सर म्हणाले, "बोलायला शिकवलं म्हणजे उलट बोलायचं नसतं."

म्हणजे मुलीने ज्ञानाची 'रचना' करायची, पण तिच्या आयुष्यातलं ज्ञान सोडून! २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ तर कृतीतून, शोधातून शिकणं, भयमुक्त वातावरण आणि मोकळेपणाने मत मांडणं असं सगळंच सांगतं. शाळाशाळांतल्या फरश्या रंगल्या. (रंगवण्याआधी त्या कोणी झाडल्या, ते विचारू नये.) पण प्रश्न कोणी ठरवायचा, उत्तर कोणाचं धरायचं, ही सत्ता होती तिथेच राहिली. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि थेट धर्मालाच जाब विचारला. वय अवघं चौदा. तेही उलट बोलणंच होतं.

"मुली अशा बोलायला लागल्या तर घरी मार खातील, शाळा सुटेल," असं शिक्षक सांगतात. ही भीती खोटी नाही. सातवीनंतर घरी बसवलेल्या मुली आपण सगळ्याजणी पाहतो. पण म्हणून तिला गप्प करायचं, की तिच्या पाठीशी उभं राहायचं?

इथे आपणही कमी पडलो आहोत. मुलींची गळती, स्वच्छतागृहं, एस.टी.चे पास यांसाठी आपण मोर्चे काढले, ते योग्यच होतं. वर्गाच्या दाराशी मात्र आपण थांबलो. आत काय चालतं तो शिक्षकांचा प्रांत, असं मानलं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, हे कायद्यातच आहे. बहुतेक गावांत त्या सहीपुरत्या उरल्या आहेत. महिला मंडळांनी त्यांना सोबत घेऊन समितीच्या सभेत बसावं आणि विचारावं: गटप्रमुख कोण होतं? वर्ग कोण झाडतं? पाहुणे आले की रांगोळी, स्वागतगीत कोणाकडे? आणि त्या तक्त्यावरचा तीनचा आकडा अजून तसाच का आहे?