पूल असलेला व्हिला आणि आमची विहीर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुतण्याने एक दुवा टाकला. पुतण्या इंग्लंडात, स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टाच्या वाटेने गोव्यातली जी हजारो माणसं तिकडे गेली त्यातलाच एक. दुव्यासोबत निरोप होता, "काका, ऑगस्टात मायोर्काला व्हिला बघून ठेवलाय. चार खोल्या, स्वतःचा पूल, आठ रात्री. तुम्ही आणि काकू या. व्हिसाचं तेवढं बघा, बाकी माझ्यावर सोडा."

आमच्या सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी माळ्यावरची बॅग खाली काढून उन्हात ठेवली. मी फोटो बघत बसलो. जुन्या दगडी भिंती, लाकडी दरवाजा, अंगणात विहीर आणि विहिरीवर फुलांच्या कुंड्या. मागे जिथे पूर्वी भाजीचा मळा असेल तिथे निळाशार पूल. फोटो सुंदर होता, पण मला तो ओळखीचा वाटला. असंच घर मी रोज आमच्या गडग्यावरून बघतो.

आमच्या शेजारचं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर काही वर्षांपूर्वी विकलं गेलं. घेणारा कुठला ते सांगून उपयोग नाही. तो स्वतः वर्षातून आठ दिवससुद्धा राहत नाही, घर भाड्याने देतो. गोठा होता तिथे पूल झाला आणि पुलासाठी बोअर मारली. आमची विहीर आजोबांच्या काळापासून मे महिन्यातही आटली नव्हती. आता एप्रिल संपता संपता पंप चिखल ओढायला लागतो आणि आम्ही टँकरवाल्याला फोन करतो. या विषयावर गटात सर्वांत जास्त कोण भडकलं असेल? हाच पुतण्या! 'गोवा विकाऊ नाही' हे चित्र त्याने स्विंडनहून किमान तीनदा पाठवलं होतं. आणि आता त्याच बोटांनी पूल असलेला व्हिला!

वाचकहो, भांडण एकट्या पुतण्याशी नाही. आपल्यातल्या बहुतेकांशी आहे, माझ्याशीही आहे. दिल्लीच्या गाड्या, रस्त्याकडेला गॅस पेटवून भात शिजवणारे, वाळूत जीप घालणारे यांच्यावर आपण तोंडसुख घेतो. घ्यावंच. पण बॅग आपल्या हातात आली की आपणही मुकाट्याने तेच गिऱ्हाईक होतो. फक्त विमान मोठं असतं.

जरा मायोर्काकडे बघू. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर आणि गोव्याचं ३,७०२. म्हणजे जवळजवळ आपल्याच मापाची जमीन, भोवती समुद्र, मध्ये डोंगर. फरक पावसाचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तरी आपण टँकर मागवतो. पाल्मा शहरात पाचशेसुद्धा पडत नाही, आणि जुलैत तर जवळजवळ नाहीच. १९९५ ते १९९७ या काळात या बेटावर स्पेनच्या मुख्य भूमीवरून जहाजात भरून पाणी आणावं लागलं होतं. आता समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आहेत. पण सर्वांत कमी पाण्याच्या महिन्यात सर्वांत जास्त माणसं येतात, हे गणित काही बदललेलं नाही. मायोर्का आणि तिच्या शेजारची इबिझा, मेनोर्कासारखी बेटं मिळून वस्ती सुमारे बारा लाखांची. २०२४ साली तिथे एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त पर्यटक येऊन गेले. एकट्या पाल्माच्या विमानतळावरून त्या वर्षी तीन कोटी तीस लाखांच्या घरात प्रवाशांची ये-जा झाली. हे आकडे वाचले की मोपा विमानतळाच्या वाढत्या आकड्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांना काय म्हणावं तेच कळत नाही.

तिथली माणसं मात्र गप्प बसलेली नाहीत. २५ मे २०२४ ला पाल्मात हजारो लोक रस्त्यावर उतरले. घोषणा होती, 'मायोर्का विकाऊ नाही'. (पुतण्याचं चित्र आठवतंय ना?) २१ जुलैला पुन्हा मोर्चा, आणखी मोठा. मधल्या जून महिन्यात काही शे स्थानिक पहाटे उठून कालो देस मोरो नावाच्या इवल्याशा खाडीवर जाऊन बसले. इंटरनेटवरच्या फोटोंनी ही खाडी इतकी प्रसिद्ध केली, की गावच्या माणसाला तिथे टॉवेल टाकायला जागा उरली नव्हती. एक दिवस तरी आपला किनारा आपल्याला, एवढंच मागणं. १५ जून २०२५ ला तर दक्षिण युरोपातल्या अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शनं झाली, त्यातही पाल्मा होतंच.

ही माणसं पाहुण्यांचा द्वेष करतात असं समजू नका. त्यांचं दुखणं घराचं आहे. मुलाला लग्न करून वेगळं राहायचं तर भाडं परवडत नाही, कारण तीच खोली आठवड्याच्या हिशेबाने पाहुण्याला दिली तर मालकाला कितीतरी जास्त मिळतात. हॉटेलात चादरी बदलणारे, स्वयंपाकघरात राबणारे हंगामी कामगार गाड्यांत नाहीतर कॅराव्हानमध्ये झोपतात. डॉक्टर, शिक्षक बेटावर बदली घ्यायला नाखूश असतात. कळंगुट-हणजूण पट्ट्यात खोली शोधणाऱ्या कुठल्याही नोकरदाराला विचारा, ही कहाणी त्याला पाठ असेल.

यावर आपले युक्तिवाद ठरलेले. पहिला, "आम्ही पैसे देतो ना!" कुणाला देता? ब्रिटनमध्ये 'ऑल इन्क्लुझिव्ह' नावाचा एक प्रकार फार चालतो. विमान, खोली, तीन वेळचं जेवण, दारू, सगळं घरी बसूनच भरायचं आणि तिथे मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा. पट्टा बांधलेला माणूस गावातल्या खानावळीत कशाला जाईल? खाणं-पिणं फुकटच आहे! आठ दिवस तो पूल, बुफे आणि बार या त्रिकोणात फिरतो आणि परत येऊन 'मायोर्का बघितलं' म्हणतो. त्याच्या पैशाचा मोठा वाटा बेटावर पाऊलच टाकत नाही. गावाच्या वाट्याला येतो तो कचरा, सांडपाणी आणि रात्रीचा दंगा. मागालुफसारख्या पट्ट्यांतला दंगा इतका वाढला की २०२० साली सरकारला कायदा करून तिथे दारूच्या 'हॅपी अवर'वर आणि एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेणाऱ्या टोळक्यांच्या सहलींवर बंदी घालावी लागली. आमच्या बागा किनाऱ्यावर असा कायदा आणायचं धाडस कोण करील?

दुसरा युक्तिवाद, "आपण नाही गेलो तर दुसरे जातील." शेजारचं घर विकणाऱ्यानेही नेमकं हेच म्हटलं होतं.

तिसरा युक्तिवाद खरा आहे आणि तो मी मानतो. पुतण्याच्या मुलांना शाळा आहे. इंग्लंडात मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि सुट्टीबाहेर मुलं नेली तर आईबापांना दंड होतो. पण शाळा काय फक्त ऑगस्टातच बंद असते? मेअखेर एक आठवडा असतो, ऑक्टोबरअखेर एक. ऑक्टोबरचं मी सुचवणार नाही, शरद ऋतूत त्या बेटावर पाऊस कधी कधी फार वाईट कोसळतो. ९ ऑक्टोबर २०१८ ला सान्त योरेन्स गावात ओढ्याला पूर येऊन बेटावर तेरा माणसं गेली. मेअखेर मात्र चांगला. समुद्र थोडा गार, मुलं कुरकुरतील, पण रानात अजून हिरवं असतं आणि गल्लीतून चालायला जागा असते. शिवाय ऑगस्ट म्हणजे आमचा श्रावण. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी भूमध्य समुद्राच्या काठी बसून ताज्या मासळीकडे पाहत बटाटा खायचा! हा मुद्दा मी गटावर मांडला तेव्हा प्रथमच मला घरातून पाठिंबा मिळाला.

आता व्हिलाऐवजी काय, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल काका नुसता मोडता घालतो. डोंगरापलीकडे सोयेर नावाचं गाव आहे, संत्र्यांच्या बागांचं. पाल्माहून तिथे १९१२ पासून छोटी आगगाडी जाते, लाकडी डब्यांची, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून. तिकीट स्वस्त नाही, साधी बस स्वस्त पडते. एकदा गाडीने जावं, एरवी बसने. गावातल्या लहान हॉटेलात उतरावं. फ्लॅट भाड्याने घ्यायचाच असेल तर परवान्याचा क्रमांक मागावा. पाल्मा शहरात तर २०१८ पासून पर्यटकांना फ्लॅट देण्यावर बंदीच आहे, तरी चोरून देणारे असतात. पर्यटन कर लागतो, माणशी दर रात्री काही युरो, सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ. तो भरताना कपाळावर आठ्या आणू नयेत. आपल्या पंचायतींना असा कर मिळाला असता तर निदान कचऱ्याची गाडी वेळेवर आली असती.

आणि त्या डोंगरात काय बघायचं? भिंती! त्रामुन्तानाचे डोंगर २०११ साली जागतिक वारसा झाले ते नुसत्या निसर्गासाठी नव्हेत. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून शेतकऱ्यांनी उतारावर ज्या पायऱ्या घातल्या, अरबी राजवटीच्या काळापासून पाटाचं पाणी जसं खेळवलं, त्यासाठी. आपल्या कुळागरातलं पाट काढून माडा-पोफळींना पाणी देण्याचं शास्त्र ज्याने पाहिलंय त्याला तिथे गाईड लागणार नाही. पुतण्याच्या मुलांनी आजोबांचं कुळागर पाहिलेलं नाही. निदान तिथलं तरी पाहतील. खायला 'तुम्बेत' मागावं, वांगी, बटाटे आणि मिरच्यांचं, काकूंना चालेल. 'एन्साइमादा' नावाचा गोल गोड पाव सगळे घेतात, पण त्याच्या नावातच डुकराची चरबी आहे, शाकाहाऱ्यांनी लांबून नमस्कार करावा. 'सोब्रासादा' म्हणजे थेट आपल्या शोरिसाची बहीण.

जवळच वाल्देमोसाचा मठ आहे. १८३८-३९ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सँड तिथे राहिले. तो खोकत होता, गावकरी क्षयाला भिऊन दूर राहत होते, पियानो जकातीत अडकला होता. तशातही शोपँने आपल्या प्रेल्यूडांचं काम पुरं केलं. बाईंनी मात्र परत जाऊन पुस्तक लिहिलं, १८४२ चं, आणि त्यात बेटाची स्तुती करताना माणसांना पोटभर शिव्या घातल्या, अगदी माकडांशी तुलना करण्यापर्यंत. म्हणजे डोंगर छान, समुद्र छान, फक्त तिथे राहणारे लोक तेवढे नसते तर! गोव्यावर लिहिलेलं असलं लेखन आपण किती वाचलंय! गंमत म्हणजे तेच पुस्तक आज वाल्देमोसाच्या दुकानांत विकायला ठेवलेलं असतं.

हे सगळं मी पुतण्याला रात्री बसून लांबलचक लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "काका, बरोबर आहे. पण व्हिलाची आगाऊ रक्कम भरलीय, निम्मीच परत मिळेल." मी म्हटलं, निम्मी मी देतो. यावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही. असो. पुतण्याची बायको सोयेरमधली हॉटेलं बघतेय. शेंगेन व्हिसाचे माणशी नव्वद युरो भरायचे आहेत, बँकेचे कागद काढायचे आहेत. आणि घरात नवाच प्रश्न उभा राहिलाय, मेअखेर म्हणजे मानकुरादाचे शेवटचे आंबे, ते कोण खाणार? शेजारच्या व्हिलात त्या आठवड्यात जे कुणी उतरलेले असतील त्यांना चार द्यावेत, असं सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.