टपालाचा भाव

दिवाळी अंकातल्या या सदरात मी दरवर्षी घरच्या जमाखर्चाच्या चार गोष्टी सांगतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी वाचक विचारतोच, "शेअरबाजाराबद्दल का लिहीत नाही?" याचे उत्तर सोपे आहे. माझी सारी नोकरी पोस्टात गेली. यवतमाळ, दारव्हा, पांढरकवडा, पुन्हा यवतमाळ. पोस्टात माणूस पासबुके ओळखायला शिकतो, बाजार ओळखायला नव्हे. पण यंदा हा प्रश्न आपल्या पायांनी घरी चालत आला, तेव्हा लिहिणे भाग आहे.

नवरात्रातली गोष्ट. पुतण्या पुण्याहून आला होता. चहा झाला, कापसाचे कसे काय ते विचारून झाले, तरी स्वारी उठेना. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर टपालात होता. एक सांगा, टपालाच्या धंद्यातल्या कंपनीचा शेअर एकदा पडला तर पुन्हा सावरतो का?"

हळूहळू सगळे बाहेर आले. २०२२ साली त्याने पार्सले पोचवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते, दोन लाखांचे. आता त्यांचे जेमतेम लाखभर येतील. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यात आणखी तेवढेच घ्यावेत, म्हणजे सरासरी भाव खाली येईल, असा त्याचा बेत होता.

"पैसे कोणाचे?" मी विचारले.

तो खाली पाहू लागला. "आईचे."

माझे थोरले बंधू गेल्यावर जी रक्कम हाती आली, ती वहिनींनी पोस्टात राष्ट्रीय बचतपत्रांत ठेवली होती. मुदत भरल्यावर त्यांनी ती मुलाच्या हाती दिली, ती पुन्हा बचतपत्रांतच गुंतवील या समजुतीने. आणि ती तशीच गुंतलेली आहे, असे त्या आजही धरून चालल्या होत्या.

मी रागावलो नाही. रागावण्याने भाव चढत असता तर दलाल लोकांनी रागीट माणसे पगारावर ठेवली असती. मी त्याला म्हटले, "बस. आधी टपालाचा धंदा समजून घे."

आपल्या सरकारी पोस्टाचा शेअर कोणाला मिळत नाही. १८५४पासून ते सरकारी खाते आहे. २०१८मध्ये देशभर सुरू झालेली टपाल पेमेंट्स बँक ही कंपनी खरी, पण तिचीही सारी मालकी सरकारची. म्हणून टपाल कंपनीचा भाव कसा वागतो हे पाहायला विलायतेला जावे लागते. जिथे १८४० साली एका पेनीच्या तिकिटावर देशभर पत्र जाऊ लागले, त्याच इंग्लंडात.

तिथल्या रॉयल मेलचे शेअर ऑक्टोबर २०१३मध्ये ३३० पेन्सांना विक्रीस निघाले. पहिल्याच दिवशी ते साडेचारशेवर गेले आणि काही महिन्यांत सहाशे ओलांडून बसले. मग उतरण लागली. २०२०च्या वसंतात भाव सव्वाशेच्या आसपास आला. त्यानंतर करोनाने लोकांना घरात कोंडले, घरोघर पार्सले येऊ लागली, आणि २०२१मध्ये भाव पुन्हा सहाशेपार! पुढच्याच वर्षी पोस्टमनांचे संप झाले, पार्सले ओसरली आणि भाव दोनशेच्या खाली गेला. मार्च २०२३ला संपलेल्या वर्षात रॉयल मेलला सुमारे १ अब्ज पौंडांचा तोटा झाला. अखेर २०२५मध्ये क्रेटिन्स्की नावाच्या चेक उद्योगपतीने लाभांश धरून शेअरमागे ३७० पेन्स देऊन सगळी कंपनी घेतली, आणि तो शेअर बाजारातून उठला.

"म्हणजे सावरला की!" पुतण्या म्हणाला.

"कोणाचा सावरला?" मी म्हटले. सव्वाशेला घेणाऱ्याचे जवळजवळ तिप्पट झाले. सहाशेला घेऊन अखेरपर्यंत धरून बसलेल्याचे परत आले नाहीत. आणि पहिल्या दिवशी ३३०ला घेतलेल्या माणसाला, मधले लाभांश सोडले तर, साडेअकरा वर्षांनी चाळीस पेन्स वर मिळाले. शेअर एकच, कंपनी एकच. फरक पडला तो घेण्याच्या वेळेने आणि थांबण्याच्या ताकदीने.

आता दुसरी गोष्ट, जी बाजारातले लोक सांगत नाहीत. भाव सावरणे निराळे आणि टपाल सावरणे निराळे. पोस्टमनच्या बीटचा खर्च थैलीत तीनशे पत्रे असली तरी तेवढाच आणि तीन असली तरी तेवढाच. गल्ली तीच, सायकल तीच, पगार तोच. पत्रे घटली की प्रत्येक पत्रामागचा खर्च वाढतो. इंग्लंडात वीस वर्षांत वर्षाची पत्रे २० अब्जांवरून ७ अब्जांच्याही खाली आली. डेन्मार्कमध्ये तर सरकारी टपाल कंपनीने २०२५च्या अखेरीस पत्रे वाटणेच बंद केले. आपल्याकडे जुलै २०१३मध्ये तार गेली, आणि २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. गेलेली पत्रे परत येत नाहीत. तेव्हा अशी कंपनी सावरायची तर दोनच वाटा. पार्सलांनी पत्रांची जागा भरून काढायची, नाही तर फेऱ्या कमी करायच्या.

इंग्लंडात दुसऱ्या वाटेलाही सुरुवात झाली आहे. दुसऱ्या वर्गाची पत्रे एक दिवसाआड वाटायला २०२५च्या जुलैत नियामकाने परवानगी दिली. भागधारकाला हे बरे वाटेल. पत्राची वाट पाहत बसलेल्या म्हातारीला वाटणार नाही. आपल्या जिल्ह्यात झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर निराधाराचे पैसे पोचवायला ग्रामीण डाकसेवक जातो. त्या फेरीतला नफा कोणत्या रकान्यात मांडणार? जी गोष्ट पोस्टाला पोस्ट बनवते, तीच ताळेबंदात ओझे दिसते.

"पण माझी कंपनी पत्रे वाटतच नाही, नुसती पार्सले," पुतण्याने मुद्दा काढला. मुद्दा बरोबर होता, आणि मी तो मान्य केला. पार्सले वाढताहेत यात शंका नाही. पण धंदा वाढतो म्हणून नफा वाढतोच असे नाही. पार्सलाला प्रत्येक दारी थांबावे लागते, घरी कोणी नसले की दुसरी खेप, आणि नापसंत माल परत न्यायचा तो वेगळाच. मोठे गिऱ्हाईक दर पाडून मागते. त्यातून अ‍ॅमेझॉनसारखा दुकानदार स्वतःचीच माणसे आणि गाड्या उभ्या करतो, म्हणजे कालचे गिऱ्हाईक आज प्रतिस्पर्धी. म्हणून कंपनीने किती पार्सले पोचवली हे पाहू नये. एका पार्सलामागे हाती काय उरते ते पाहावे, आणि तिचा किती धंदा एकाच गिऱ्हाइकावर टेकला आहे ते पाहावे.

यवतमाळकराला हे विलायतेतून शिकायची खरे तर गरज नाही. आपली शकुंतला आठवा. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला नेण्यासाठी किलिक निक्सनच्या गोऱ्या साहेबांनी ही अरुंद लाइन टाकली. मँचेस्टरहून आलेले इंजिन १९९४पर्यंत वाफेवर धावले. आमचे प्रेम तिच्यावर अजून आहे. पण कापूस ट्रकमध्ये चढला तो पुन्हा तिच्यात बसला नाही. प्रेमाने गाडी चालत नाही, मालाने चालते.

"मग काय करू?" त्याने विचारले.

"सावरेलही," मी म्हटले. "ते मला सांगता येत नाही, आणि छातीठोक सांगणाऱ्यावर तूही विश्वास ठेवू नकोस. पण आणखी घेतल्याने सरासरी उतरते, जोखीम उतरत नाही. ती दुप्पट होते. आणि जिने थांबायचे आहे तिला थांबते आहे हेच ठाऊक नाही. आधी आईला सांग."

संध्याकाळी त्याने सांगितले. मी तिथेच होतो, मुद्दाम. वहिनी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग उठून चष्मा आणि जुनी वही घेऊन आल्या.

"किती उरलेत?"

"एक लाखाच्या आसपास."

"ते तुझेच. चढोत की पडोत, मला सांगू नकोस. माझे दोन लाख तुझ्याकडे येणे आहेत. पोस्टात माझ्या नावाने आर. डी. काढ. साठ महिने, महिना साडेतीन हजार. व्याज पोस्ट देईल ते देईल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, फॉर्म तुम्ही आणाल ना? हा पुन्हा दुसरेच काही आणायचा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पोस्टात गेलो आणि पहिला हप्ता भरला. मुहूर्ताचा बेत त्याने सोडला. शेअर अजून त्याच्याकडेच आहेत, आणि ते वर गेले तर मला आनंदच होईल. भाव काय झाला, ते मी विचारत नाही. वहिनींचे पासबुक मात्र दर महिन्याला पाहतो.