भाड्याची खोली आणि राहणाऱ्याचा जीव

हदगांवासारख्या तालुक्याच्या गांवांतून शिक्षणासाठीं व पोटासाठीं नांदेडास, पुण्यास आणि मुंबईस जाणाऱ्या तरुणांचा ओघ वर्षानुवर्षें चालू आहे. मुलगा एस्. टी. त बसला कीं घरचीं माणसें त्याच्या फीची व खानावळीची चिंता करतात. तो ज्या खोलींत निजणार तिला खिडकी आहे कीं नाहीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां दाटीच्या चाळींतून त्यानें हजारों माणसें नेलीं, आणि १८९८ सालीं सरकारास इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापावा लागला. ट्रस्टानें गलिच्छ वस्त्या पाडल्या खऱ्या, पण त्या मानानें नवीं घरें थोडीं बांधलीं. उठविलेलीं माणसें शेजारच्या चाळींतच कोंबलीं गेलीं. पुढें १९२० नंतर बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. कुटुंबास खोली एक, ती १६० चौरस फुटांची! त्यांपैकीं वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ च्या ऑगस्टांत.

आमच्याकडे तशा चाळी नाहींत, म्हणून कोणीं समाधान मानूं नये. पत्र्याखालच्या एका खोलींत चौघेपांच जण निजतात, तेथें चाळच झाली. क्षयाचे जंतू हवेवाटे पसरतात; कोंदट खोलींत ते तासन्‌तास तरंगतात, वारा खेळला कीं विरतात व उन्हानें मरतात. नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरोग्यास आहारासाठीं सरकार दरमहा १००० रुपये देतें, हें स्तुत्यच. परंतु निदानापूर्वीं तो ज्या खोलींत खोकत होता तींतल्या इतरांचें काय?

कायदा आहे. १९५४ च्या हैदराबादी घरभाडें कायद्याच्या जागीं ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडें नियंत्रण अधिनियम आला. त्याच्या कलम १४ प्रमाणें दुरुस्तीचें ओझें मालकावर आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाहीं, तर भाडेकरूनें स्वतः काम करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च कापून घ्यावा. पण अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद झाला कीं तो गृहस्थ भाडेकरू उरतच नाहीं, आणि हें कलम त्याच्या हातून निसटतें. ज्याला दुरुस्तीची गरज सर्वांत अधिक, तोच उघडा!

तुटपुंज्या भाड्यांत दुरुस्ती कोठून करावी, असें मालक म्हणतात. मुंबईच्या जुन्या पागडीच्या घरांपुरतें तें खरें आहे. दर जूनमध्यें भाडें वाढविणाऱ्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. घरपट्टीसाठीं खोलीचें क्षेत्रफळ मोजणारा पालिकेचा कारकून त्याच फेरींत खिडकी, संडास आणि निजणारीं माणसेंही मोजूं शकतो. नांदेडच्या महापालिकेनें हा आरंभ करावा. हदगांवच्या नगरपरिषदेनेंही, गांव अजून लहान आहे तोंवर.