मावशीचं नाव कुठंच नाही

दर 27 डिसेंबरला आमच्या वऱ्हाडात भाऊसाहेबांची, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती होते. हार, समई, भाषणं. व्हायलाच पाहिजे. 1898 साली पापळला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस विलायतेत शिकून परत येतो, अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करतो, शेतकऱ्यांच्या पोरांना शाळेची वाट दाखवतो. त्यांना नाही तर कुणाला हार घालायचा? माझा राग वेगळा आहे. हार घातला की आपल्याला वाटतं, शाळा चालवणाऱ्यांचं ऋण फिटलं. ते फिटत नाही मंडळी.

घरच्यांना ठाऊक आहे, माझी मावशी बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होती. (शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेवर देखरेख ठेवायची, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं. काम एवढं, आणि पगार म्हणाल तर शून्य.

सभा असायची सकाळी अकराला. कापसाच्या वेचणीत अकराची सभा म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. वेचाई किलोवर मिळते. सभेला गेलं की तेवढा कापूस दुसरी वेचते आणि पैसेही तीच नेते. मावशी तरी जायची. कागद पुढे आला की म्हणायची, "गुरुजी, सही मंग करतो. पयले सांगा, खिचडीत दाळ किती टाकली?" हिशेबाची वही ती पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. मुलींच्या संडासाला दार नव्हतं. तीन सभांत तिनं तोच विषय काढला. चौथ्या सभेला सुताराला सोबत घेऊनच गेली.

अशी चार वर्षं. गेल्या वर्षी मावशी वारली. त्यानंतर शाळेत एक कार्यक्रम झाला, मी गेलो होतो. मंचावरून पुढाऱ्यांचे आभार मानले, देणगीदारांचे मानले. वर्गातल्या पंख्यावर पंखा देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे. संडासाच्या दारावर अर्थातच कुणाचंच नाही.

मी हे बोललो तर एकजण म्हणाले, "त्यांनी नावासाठी थोडंच केलं होतं?" अहो, मग भाऊसाहेबांनी तरी नावासाठी केलं होतं का? तरी आपण फोटो लावतोच ना? निरपेक्षपणाचं कौतुक करून गरिबाला विसरून जायचं आणि मोठ्याचा पुतळा उभारायचा, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणाले, "या समित्या कागदावरच्या. वही घरी पाठवतात, अंगठे घेऊन आणतात." खरं आहे. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं. पण म्हणूनच तर मी भांडतोय! वहीत घरबसल्या उठवलेला अंगठा आणि वेचणी सोडून आलेल्या बाईचा अंगठा सारखाच दिसतो. फरक फक्त पाहणाऱ्यांना माहीत असतो. त्यांनी तो सांगितला नाही, तर खोटी समिती आणि खरी समिती एकाच मापानं मोजली जाते.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आज शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आपोआप नाही कळलं ते. रयतच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या सांगत ठेवलं.

हा नुसता मानापानाचा प्रश्न नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा 14 हजारांहून जास्त होत्या. वरून बघणाऱ्याला पट दिसतो, अंतर दिसतं, खर्च दिसतो. ही शाळा गावानं कशी सांभाळली, ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. उद्या आपल्या शाळेवर तशी वेळ आली तर गावानं काय दाखवायचं? पंख्यावरचं नाव?

म्हणून माझं मागणं साधं आहे. सभांच्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या कपाटातून काढा. ज्यांनी त्या सभा पाहिल्या त्यांना विचारा, कोण खरंच यायचं आणि कुणी काय केलं. एक कागद करा, नावापुढे काम लिहा. 26 जानेवारीला झेंड्यापुढे एखाद्या पोराकडून तो मोठ्यानं वाचून घ्या. हार नको, शाल-श्रीफळ नको, एक रुपयाही लागत नाही.

आमच्या शाळेच्या कागदावरची एक ओळ मी सांगतो. मावशीच्या नावापुढे लिहा: मुलींच्या संडासाला दार लावलं.