अठरा दिवस, एक समुद्र आणि पप्पांची फर्स्ट शिफ्ट

‘कोकणात गेले होते’ म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. काय काय पाहिलं? मग आपण यादी म्हणून दाखवायची. गणपतीपुळे, पावस, थिबा पॅलेस, एक-दोन बीच. दोन रात्री, तीन दिवस, दोनशे फोटो. सोमवारी परत ऑफिसात, आणि सॅकच्या तळाशी अजून वाळू!

मी या वेळी रत्नागिरीत अठरा दिवस राहिले आणि तरी यादीतलं निम्मं राहून गेलं. कारण सोबत पप्पा होते.

थोडं मागे जाऊ. पप्पा ३१ ऑक्टोबरला रिटायर झाले. वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, ३१ वर्षं. फर्स्ट, सेकंड, नाइट. बजाजनगरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे किती वाजले ते कंपनीच्या बसवरून कळतं. पहिले आठ दिवस शाल-श्रीफळ, फोन, पेढे यात गेले. नवव्या दिवशी पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पप्पा सोफ्यावर बसले होते. कुठे जायचं नव्हतं. नुसते बसले होते.

आई तेव्हा ताईच्या बाळंतपणासाठी नाशिकला. घरात आम्ही दोघंच. मी फ्रीलान्सर, म्हणजे शेजाऱ्यांच्या भाषेत ‘घरीच असते’. पप्पांचं लक्ष आता माझ्याकडे वळलं. फॅन का चालू, लाईट का चालू, दहा वाजले तरी अंथरूण का नाही काढलं. एके दिवशी म्हणाले, ‘तुझं बरंय, तुला काही कामच नाही.’ डोक्यावर डेडलाइन होती. मी म्हणाले, ‘तुम्हाला तरी आता कुठे आहे?’

पप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे इस्त्रीचा शर्ट नव्हता, जुना टी-शर्ट होता. मला सॉरी म्हणता आलं नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही. मी बसची तिकिटं काढली.

बजाजनगर ते रत्नागिरी म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही पुण्याला गाडी बदलली, मग कराड, मलकापूर आणि आंबा घाट. घाट उतरताना हवा एकदम ओलसर होते, खिडकीची काच धुरकट होते. आपल्याकडे वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे तीन हजारांच्या वर. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा बघून पप्पांनी पहिलं वाक्य उच्चारलं, ‘इथं टँकर येत नसेल.’ (येतो! पाणी सगळं समुद्रात धावतं, उन्हाळ्यात इथल्याही काही वाड्या कोरड्या पडतात. हे आम्हाला काकूंकडून नंतर कळलं.)

काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. भाट्याच्या बाजूला, नारळाच्या बागेत वरची एक खोली. टिप हवी असेल तर ही घ्या: लॉजचा रोजचा दर विचारू नका, ‘पंधरा-वीस दिवस राहायचंय’ असं म्हणून घरगुती खोली शोधा. भाडं खाली येतं आणि सकाळचा चहा घरातल्या माणसांबरोबर मिळतो. आंबोळ्या, घावन, कुळथाचं पिठलं... हे मेन्यू कार्डवर सहसा नसतं.

पहिले तीन दिवस मी टुरिस्टसारखीच वागले. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, १८५६ सालचं. सावरकर १९२४ ते १९३७ या गावात स्थानबद्ध होते, त्या काळात १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर. मांडवीची काळी वाळू, मग पांढरा समुद्र, मग पुन्हा मांडवीवर भेळ. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि तिन्ही बाजूंना खाली फुटणाऱ्या लाटा. सगळं भन्नाट. पप्पा मागे मागे चालत होते, मी उभं करीन तिथे फोटोला उभे राहत होते.

चौथ्या दिवशी थिबा पॅलेस.

गोष्ट थोडक्यात अशी. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला गादीवरून उतरवून थेट रत्नागिरीत आणून ठेवलं. १८८६ साली तो इथे आला. हा लाल जांभ्या दगडाचा राजवाडा बांधून झाला १९१० साली, म्हणजे तोवर चोवीसएक वर्षं स्वारी बंगल्यांत. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ साली थिबा इथेच वारला, वय ५७. राणी सुपयालत १९१९ साली परत गेली. थोरली राजकन्या मात्र शेवटी इथेच राहिली, आणि तिची मुलगी टूटू तर अस्सल रत्नागिरीकर झाली. मराठी बोलायची, इथेच लग्न, इथेच संसार. २००० साली गेली. म्हणजे मी शाळेत होते तोवर मंडालेच्या राजाची नात रत्नागिरीत राहत होती. कुठल्याच पुस्तकात आम्हाला हे शिकवलं नव्हतं. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन २०१२ साली थिबाच्या कबरीपाशी येऊन गेले, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला थोडी जाग आली.

हे सगळं मी पप्पांना सांगत होते. सागवानी दारं, उतरती छपरं, खाली पसरलेली खाडी. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘आणि दिवसभर करायचा काय हा?’

मला उत्तर देता येईना. तीस वर्षं. सरकारी पेन्शन, नोकरचाकर, आणि काम काही नाही. पप्पा ५८ पूर्ण. खाली येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्यानंतर मी यादी फाडली... म्हणजे मोबाईलमधली डिलीट केली. सकाळी मी खोलीत लॅपटॉप उघडायचे, पप्पा त्यांना हवं तिकडे. सहाव्या दिवशी सात वाजता बघते तर अंथरूण रिकामं, फोन उशाशी. आठ वाजले, साडेआठ वाजले. भाट्याचा अख्खा किनारा पालथा घातला. समुद्राशेजारी माणूस सापडत नसला की डोक्यात काय काय येतं ते लिहीत नाही. शेवटी काकूंचा मुलगा बाईकवर घेऊन गेला मिरकरवाड्याला. बंदरात बोटी लागलेल्या, लिलावाचा गलका, बर्फ, वास. आणि एका ट्रॉलरच्या बाजूला पप्पा, दोन खलाशांशी वाद घालत. विषय: डिझेल इंजिनाचा पंप. त्यांच्या मते बेअरिंग गेलं होतं, खलाशांच्या मते नव्हतं.

‘फोन न्यायला काय झालं होतं?’ मी ओरडले. सगळा धक्का बघत होता.

‘फर्स्ट शिफ्टला फोन आत नेऊ देत नाहीत,’ पप्पा म्हणाले. सवयीने बोलून गेले आणि स्वतःच हसले. (बेअरिंग गेलं होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बोट दुसऱ्या दिवशी बाहेर पडली म्हणे.) येताना त्यांनी डझनभर बांगडे घेतले. साफ कसे करायचे ते आम्हा मराठवाड्यातल्या दोघांनाही माहीत नव्हतं. काकूंनी डोक्याला हात लावला.

त्याच संध्याकाळी काकूंनी पप्पांना भरतीचं गणित शिकवलं. सोपं आहे. कालनिर्णय बघायचं, तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणनं गुणायचा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. तिथून सहाएक तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण किनाऱ्यावर फिरणाऱ्याला पुरतं.

पप्पा खूश! ‘म्हणजे याचीपण शिफ्ट बदलते, पण आपल्यासारखी सोमवारी एकदम नाही. रोज पाऊण तास.’ वहीत तक्ता आखला. दुसऱ्या दिवसापासून आमचं सगळं त्या तक्त्यावर. ओहोटीला भाट्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर लांबवर चालायचं, भरतीला बागेत बसायचं.

आरे-वारेच्या रस्त्यानं एकदा गणपतीपुळ्याला गेलो. तो रस्ता हळू जायचा आहे, वळण संपलं की खाली समुद्र आणि सुरूची झाडं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर. जयगडला फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला गेलो आणि परत आलो, उगाचच. पप्पांना बोटीचा रॅम्प खाली कसा येतो ते बघायचं होतं.

आणि कातळशिल्पं! याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी प्राणी कोरून ठेवलेत. राजापूर तालुक्यात कशेळीला एक अवाढव्य हत्ती आहे, त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या. आज कोकणात न दिसणारा गेंडासुद्धा या चित्रांत सापडलाय. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पप्पा दुपारच्या उन्हात त्या हत्तीभोवती चक्कर मारून आले. ‘आपल्याकडे वेरूळला डोंगर कोरला, इथं जमीन. सुपरवायझर कोण असेल?’ मग थांबून म्हणाले, ‘रिकामा माणूस नव्हता हा.’

मी म्हणाले, ‘पप्पा, त्या दिवशी मी जे बोलले...’

‘पाणी दे,’ ते म्हणाले. मी बाटली दिली. अर्धी प्यायले, अर्धी मला परत दिली. ‘मी पण बोललोच होतो की.’

परत येऊन तीन आठवडे झालेत. साडेचारला जाग अजून येते. मी दहापर्यंत झोपते, अजूनही बोलणी बसतात, फॅनवरून तर रोज. पण चहा झाला की पप्पा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभे राहतात, बोटं मोडत काहीतरी पुटपुटतात आणि मला हाक मारून सांगतात, ‘उठ गं, भाट्याला भरती लागली.’