लोणारचे लोण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव आता पृथ्वीबाहेरही पोचले आहे. मंगळावरील लहान विवरांना आपल्या जगातील लहान गावांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा संकेत आहे. त्यानुसार तिथल्या एका विवराला 'लोणार' म्हणतात. नाव इतके दूर गेले. त्याचा अर्थ मात्र गावातच मागे राहिला, असे मला वाटते.

या नावाभोवती आपण दोन कथा सांगतो. पहिली लवणासुराची. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदन मंदिर तिची साक्ष देते. दुसरी उल्केची. बेसाल्ट खडकातील हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, हे १९७३ च्या संशोधनाने पक्के केले. दोन्ही कथा भव्य आहेत. पण दोन्हींत माणूस नाही.

तो माणूस शब्दात आहे. 'लवण'चे 'लोण' झाले. आज आपण 'मीठ' म्हणतो, तरी लोणचे, अळणी, लिंबलोण या शब्दांत जुने लोण मुरलेले आहेच. आता कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार हा क्रम पाहावा. त्याच वळणाने लवणकाराचा 'लोणार' होतो. मीठ करणाऱ्या लोणारी समाजाचे नावही याच कुळातले. कोणी 'लवणागार' अशी फोड करील. ध्वनिदृष्ट्या तीही बसते. कोणतीही घेतली तरी नाव क्षाराचेच राहते. माझ्या मते आधी क्षार, मग नाव आणि मग त्या नावाला शोभेल असा असुर, अशीच ही परंपरा घडली असावी.

याला लेखी आधारही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद करतो, ती काच व साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी आणि सरकारला मिळणाऱ्या महसुलासाठी. पुढे इंग्रजी अमदानीतील अभ्यासकांनी इथल्या क्षारांची खुप्पल, भुसकी अशी स्थानिक नावे टिपून ठेवली. एकाच तळ्याच्या क्षारांत इतके भेद करणारी भाषा रिकाम्या बसलेल्या माणसांची नसते. गुडघाभर चिखलात उभे राहून जे क्षार वेचत होते, त्यांची ती भाषा.

आज हे सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. क्षार काढण्याचा धंदा संपला, ते सरोवराच्या दृष्टीने योग्यच. परंतु धंद्याबरोबर त्याचे शब्दही जावेत, हे योग्य नाही. 'खुप्पल' आणि 'भुसकी' हे शब्द आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी अहवालांत शोधावे लागतात. बोलींचा अभ्यास शिकवणाऱ्या आपल्या मराठी विभागांनी लोणार परिसरातील वृद्धांकडे वही घेऊन जावे, आणि लवकर जावे.