घोरणारं मूल आणि जिभेची जागा

लहान मूल घोरतं म्हणजे त्याला गाढ झोप लागली आहे, ही आपल्याकडची पक्की समजूत. नेहरूनगरपासून चिखलीपर्यंत कुठल्याही घरात विचारा. ‘दिवसभर खेळून दमलाय’, ‘बापावर गेलाय’, आणि दखनी बोलणाऱ्या घरांत ‘थक को सोया बच्चा’. सर्दीतलं चार दिवसांचं घोरणं सोडा. पण जे मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरतं, तोंड उघडं टाकून आणि मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी भिजवतं, मधेच श्वास अडकून दचकतं, ते गाढ झोपेत नसतं. ते रात्रभर श्वासासाठी झगडत असतं.

मोठ्या माणसाची झोप अशी मोडली तर तो दिवसा पेंगतो. मुलांचं बरेचदा उलटं होतं. ती चिडतात, एका जागी बसत नाहीत, अभ्यासात लक्ष लागत नाही, काहींचं अंथरूण ओलं होतं. मग शाळेत ‘मस्तीखोर’, मकतबमध्ये ‘कुंदजेहन’ आणि घरी ‘हट्टी’ अशी तीन बिरुदं त्याला लागतात. ‘हा रात्री झोपतो कसा?’ एवढा एक प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी कुणी विचारत नाही.

कारण बहुतेक वेळा नाकाच्या मागे आणि घशात असतं. अॅडेनॉइड आणि टॉन्सिल साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात शरीराच्या मानाने सर्वांत मोठे असतात, आणि श्वासाची वाट अरुंद करतात. त्यात आपल्या पट्ट्यातली हवा. भोसरीची धूळ, चाकण रस्त्यावरचे कंटेनर, कुदळवाडीत वर्षानुवर्षं जळत आलेलं भंगार. तिथली शेडं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, पण शहराची धूळ काही त्यांच्याबरोबर गेली नाही. अॅलर्जीने नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं, आणि महिनोन्महिने घेतलं की ती सवयच होते. पिंपरी हे पेनिसिलिनचं गाव. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स इथे १९५४ साली उभी राहिली. कदाचित म्हणूनच की काय, घसा म्हटलं की आपल्याला गोळीच आठवते. पण वाढलेल्या अॅडेनॉइडमुळे येणारं घोरणं अँटिबायोटिकच्या कोर्सने जात नाही.

आता मूळ मुद्दा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ खाली, जबड्याच्या तळाशी पडून राहते. ओठ सैल पडतात. जीभ टाळूला टेकलेली असली की वरचा जबडा रुंद व्हायला मदत होते. ती नसेल तर टाळू उंच आणि अरुंद होतो, दात पुढे येतात, आणि नाकाची वाट आणखी आवळते. मायोफंक्शनल थेरपी म्हणजे या स्नायूंना पुन्हा वळण लावणं. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे हिरडीवर ठेवायचं, पूर्ण जीभ टाळूला दाबून धरायची, ‘टक्’ असा आवाज काढत सोडायची. ओठांत चमचा किंवा बटण धरायचं, गाल फुगवायचे, ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायचा. दिवसातून दोन-तीनदा, काही महिने. यंत्र नाही, औषध नाही.

मकतबमध्ये नूरानी कायदा शिकलेल्याला हे ऐकून काहीतरी ओळखीचं वाटेल. ‘लाम’साठी जीभ कुठे टेकते, ‘ज़्वाद’साठी तिची कड कुठल्या दाढांना लागते, ‘मीम’ला ओठ कसे मिटतात, ‘नून’चा आवाज नाकातून कसा येतो, हे उस्ताद पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून रोज घोटून घेतात. लगेच कुणी व्हॉट्सअॅपवर ‘तजवीदने घोरणं बरं होतं’ असा मेसेज फिरवू नये. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि कुराण पठणाला औषधाच्या बाटलीचं लेबल लावण्याची गरजही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. लहान मुलाच्या तोंडाकडे आणि जिभेकडे रोज इतक्या जवळून पाहणारा माणूस मकतबच्या उस्तादांशिवाय दुसरा नाही. ज्या मुलाचं नाक सतत बंद असतं त्याच्या ‘मीम’चा ‘बे’ होतो आणि ‘नून’चा ‘दाल’. मराठी शाळेतल्या बाईंना त्याच मुलाचं ‘मामा’ हे ‘बाबा’ ऐकू येईल. अशा वेळी छडी किंवा शंभरदा घोकणं कामाचं नाही. आईला बोलावून ‘हा रात्री घोरतो का?’ एवढं विचारावं.

या थेरपीचा पुरावा किती? स्टॅनफर्डचे ख्रिस्तियान गिएमिनो यांनी १९७६ मध्येच मुलांच्या झोपेतल्या श्वास-अडथळ्यावर लिहिलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २४ मुलांची पाहणी मांडली. सगळ्यांचे टॉन्सिल-अॅडेनॉइड काढलेले, जबड्यावर उपचार झालेले, झोप सुधारलेली. ज्या ११ जणांनी स्नायूंचे व्यायाम केले त्यांची झोप चार वर्षांनंतरही नीट होती, उरलेल्या १३ जणांचा त्रास परतला होता. २०१५ मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात श्वास अडखळण्याचं प्रमाण मुलांमध्ये सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आकडा भारी आहे, पण तो फक्त २५ मुलांवरचा आहे. त्यामुळे ‘शस्त्रक्रिया टाळा, जीभ हलवा’ अशी जाहिरात करणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

टॉन्सिल खूप मोठे असतील तर आधी कान-नाक-घसा डॉक्टर. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की आपली माणसं घाबरतात, काही पालक मात्र उलट घाई करतात. दोघांसाठीही अमेरिकेतल्या ४६४ मुलांची २०१३ ची चाचणी उपयोगाची आहे. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे काही मुलांना थांबता येतं, काहींना नाही, आणि ते डॉक्टरने ठरवायचं. व्यायामांची जागा शस्त्रक्रियेनंतर किंवा सौम्य त्रासात आहे. आणि मोबाइलवर पाहून मुलाच्या तोंडाला रात्री चिकटपट्टी लावण्याचा प्रकार तर करूच नये. नाक बंद असलेल्या मुलाचं तोंडही बंद करणं हा जिवाशी खेळ आहे.

अडचण खरी ती पुढे येते. व्यायाम फुकट असले तरी शिकवणारा माणूस फुकट नसतो, आणि करून घेणारं मोठं माणूस घरात जागं असावं लागतं. एका खोलीत बाप तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेला, आई दुसरीकडे कामाला, तिथे दिवसातून तीनदा ‘टक् टक्’ कोण करून घेणार? दिवे आणि टीव्ही बारापर्यंत चालू, कारण दुसऱ्या पाळीचा माणूस तेव्हाच जेवतो. रमजानमध्ये हे वेळापत्रक आणखी पुढे सरकतं. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो योग्यच होता. फज्रनंतर लगेच भरणाऱ्या मकतबांनीही लहानग्यांची वेळ असर-मगरिबमध्ये न्यायला काय हरकत आहे? पण श्वास अडणाऱ्या मुलाला एक तास जास्त झोपवलं तर ते एक तास जास्त झगडेल, एवढंच.

हे काम मुख्यतः स्पीच थेरपिस्ट करतात. या विषयाची राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात, वांद्र्याला आहे. १९८३ साली सुरू झालेली, आणि नाव महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं. मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याच्या जिल्हा केंद्राच्या आराखड्यात स्पीच थेरपिस्टचं पद आहे, पण तपासायच्या आजारांच्या यादीत घोरणं नाही. ते घालायला नवी इमारत लागत नाही. अर्जात एक ओळ वाढते. आणि महापालिकेने तिच्या मोठ्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी, पहिली पाळी सुटल्यावर आई-बाप दोघांना येता येईल अशा वेळी असे व्यायाम शिकवले, तर खासगी क्लिनिकची पायरी न चढू शकणाऱ्यांचं काम होईल.

तोवर घरी करण्यासारखं एक आहे. मूल झोपल्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि तोंड दोन्ही दिसेल, आवाज ऐकू येईल असा, आणि तो फोन घेऊन वायसीएमच्या किंवा जवळच्या कान-नाक-घसा ओपीडीत जा. दिवसा जागं असलेलं मूल डॉक्टरसमोर घोरून दाखवत नाही.